खाटेवरची हजेरी

साध्या तापाने आठवडाभर अंथरूण धरलं, तर मजुरीच्या 70 टक्के. क्षयाने वर्षभर धरलं, तर 80. कामगार विम्याचे हे दर पहिल्यांदा वाचले तेव्हा आकडे उलटे छापले गेलेत असंच वाटलं. जो जास्त दिवस कामावर येणार नाही, त्याला जास्त?

पण हिशेब पाहा. साध्या आजाराची रजा वर्षाला 91 दिवस, आणि क्षयाचं औषध निदान सहा महिने चालतं. तीन महिन्यांवर पैसे थांबले, तर माणूस गोळ्या अर्ध्यावर टाकून कामावर येणार, खोकत. म्हणून क्षय, कुष्ठरोग, कर्करोग अशा लांबणाऱ्या दुखण्यांची वेगळी यादी केली आहे. ज्याची दोन वर्षं सलग नोकरी झाली, त्याला अशा दुखण्यात दोन वर्षांपर्यंत पैसे मिळू शकतात.

हे पैसे येतात कुठून? 12,000 रुपये मजुरी असेल, तर कामगाराचे 0.75 टक्के म्हणजे 90 रुपये आणि मालकाचे 3.25 टक्के म्हणजे 390. सहा महिन्यांत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असली, की पुढच्या आजारपणात तो खाटेवरही कामगारच. 1948 च्या कामगार विमा कायद्याचं 73 वं कलम तर सांगत होतं, की या काळात त्याला कामावरून काढता येत नाही. जर्मनीत बिस्मार्कने 1883 मध्ये आणलेली ही आजार-विम्याची कल्पना. आपल्याकडे प्रा. बी. पी. आदारकरांनी 1944 मध्ये तिचा आराखडा दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. 24 फेब्रुवारी 1952 ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली.

आता भिवंडीत या. यंत्रमागावर मजुरी मीटरवर. कापड निघालं तर पैसे, नाही तर नाही. आजारी माणसाचं कापड निघत नाही, विषय संपला. विमा म्हणतो, तू कामगार आहेस. मीटर म्हणतो, आज होतास का?

आणि विमा लागू व्हायला कारखान्यात निदान दहा माणसं लागतात. समजा 24 मागांची शेड आहे, एकेकाकडे सहा माग. पाळीला चार विणकर, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, म्हणजे आठ. कांड्या भरणारा धरला तर नऊ. माग दुरुस्त करणारा जॉबर चार शेडींत फिरणारा, तो कुणाच्याच हिशेबात नाही. शेजारी तशीच शेड, मधे एक भिंत, तिकडेही नऊ. एकाच छपराखाली अठरा माणसं खोकतात, पण कागदावर दहा कधी होतच नाहीत. ही भिंत कुणी हेतूने घातली की जागेच्या सोयीने, ते शेडीगणिक वेगळं असेल. परिणाम मात्र एकच.

मग आजारी पडलेला काय करतो? खाणावळीची उधारी चुकवतो, कल्याणला जाऊन गावाकडची गाडी धरतो. सहा माग थांबलेले मालकाला परवडत नाहीत, म्हणून त्याच पाळीला बदली उभा राहतो, रिकाम्या धोट्यात नवी कांडी बसवतो. हा बदलीही मीटरवरच.