अठराव्या वर्षीचं मोजमाप

जून १९९३. क्युबेक शहरात बर्फावरच्या हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा, वार्षिक ड्राफ्ट (संघांनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडण्याचा सोहळा) भरला होता. ओटावा सेनेटर्सनं सर्वांत आधी नाव पुकारलं अलेक्झांडर देगचं. वय अठरा. त्या मोसमात क्युबेकच्या ज्युनिअर लीगमध्ये त्यानं ५३ सामन्यांत गोल आणि गोलसाठीचे पास मिळून १३७ गुण केले होते. ओटावानं त्याच्याशी पाच वर्षांसाठी सुमारे सव्वा कोटी डॉलरचा करार केला. दुसरा निवडला गेला उंचपुरा बचावपटू ख्रिस प्रॉन्गर आणि चौथा अंगानं लहानखुरा पॉल कारिया.

पुढे प्रॉन्गर २००० साली लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. कारियानं ९८९ सामन्यांत बरोबर ९८९ गुण केले. दोघांनाही हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. देगची एनएचएल कारकीर्द ६१६ सामने आणि ३२७ गुणांवर थांबली. नव्या खेळाडूंच्या पगारावर १९९५ साली कमाल मर्यादा आली, त्यामागे देगच्या कराराचं उदाहरण होतं.

निवड करणारे अडाणी नव्हते. १९७५ पासून लीगचा स्वतःचा पाहणी विभाग आहे. उत्तर अमेरिकेतले आणि युरोपातले खेळाडू, तसंच मैदानी खेळाडू आणि गोलरक्षक, अशा वेगवेगळ्या याद्या तो करतो. प्रत्येक संघाचे स्काऊट वर्षभर गावोगावच्या रिंकवर बसून असतात. निवडीआधी मुलांच्या मुलाखती होतात, सायकलवर दमसास मोजला जातो, उड्या आणि पुल-अप्स मोजल्या जातात. तरीही या सगळ्यातून कळतं ते मुलानं आजवर काय केलं एवढंच. संघाला हवा असतो तो पंचविसाव्या वर्षीचा खेळाडू.

तारखेचा खेळ

ड्राफ्टचा नियम सांगतो की १५ सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. अलेक्झांडर ओवेच्किनचा जन्म १७ सप्टेंबर १९८५ चा. दोन दिवसांनी हुकल्यामुळे तो २००३ ऐवजी २००४ च्या ड्राफ्टमध्ये आला. तिथे त्याची तुलना झाली येवगेनी माल्किनशी. तोही रशियन, पण जन्म ३१ जुलै १९८६ चा, म्हणजे साडेदहा महिन्यांनी धाकटा. वॉशिंग्टननं ओवेच्किनला पहिला निवडलं, पिट्सबर्गनं माल्किनला दुसरा. ओवेच्किननं एप्रिल २०२५ मध्ये ८९५ वा गोल करून वेन ग्रेट्स्कीचा सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला. माल्किन २०१२ साली सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. इथे दोन्ही अंदाज खरे ठरले. त्याच ड्राफ्टमध्ये २५८ व्या क्रमांकावर पेक्का रिने हा फिनलंडचा गोलरक्षक निवडला गेला. तेव्हा तो एकविशी ओलांडलेला होता. त्यानं पुढे नॅशव्हिलला ३६९ विजय मिळवून दिले आणि २०१८ साली सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान पटकावला. गोलरक्षक उशिरा पिकतात, म्हणून त्यांना फॉरवर्डच्या मापानं मोजता येत नाही.

डिसेंबरची मुलं

कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारीला ठरतात. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा असूनही दोघं एकाच गटात खेळतात. आठव्या-नवव्या वर्षी एवढा फरक फार असतो. मोठा मुलगा वरच्या संघात जातो, त्याला चांगला प्रशिक्षक आणि बर्फावर जास्त वेळ मिळतो, आणि वयानं दिलेला फायदा पुढे गुणवत्ता म्हणून मोजला जातो. कॅनडाचे संशोधक रॉजर बार्न्सली यांनी १९८५ साली हे आकड्यांनिशी दाखवलं.

रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली १९८० ते २००७ या काळात निवडलेले कॅनेडियन खेळाडू तपासले. त्यांत ३६ टक्के पहिल्या तिमाहीत जन्मलेले होते, शेवटच्या तिमाहीतले जेमतेम १४.५ टक्के. मात्र ४०० सामने किंवा २०० गुणांचा टप्पा गाठण्याची शक्यता वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांत सुमारे दुप्पट होती. म्हणजे निवड करणारे वर्षानुवर्षं एकाच बाजूला झुकत होते आणि त्याची किंमत त्यांच्याच संघांना मोजावी लागत होती.

याद्या होणारच. मागच्या मोसमात तळाशी राहिलेल्या संघांना आधी निवडीची संधी देणारी ही पद्धत दुबळ्या संघाला पुन्हा उभं राहायला मदत करते, म्हणून ती टिकायलाही हवी. मात्र दोन मुलांची तुलना करताना गुणांच्या शेजारी जन्मतारीख मांडायला हवी. मुलगा समवयस्कांच्या लीगमध्ये खेळला की रशिया-स्वीडनमधल्या प्रौढांविरुद्ध, बर्फावर त्याला किती मिनिटं मिळाली, सोबतीला कोण होतं, त्याची वाढ पुरी झाली आहे की व्हायची आहे, हेही नोंदवायला हवं. ड्राफ्टमधला क्रमांक हा संघानं त्या दिवशी बांधलेला अंदाज असतो. तो चुकला तर हिशेब संघाकडे मागावा. अठरा वर्षांच्या मुलाला आयुष्यभर त्या आकड्याच्या नावानं ओळखणं अन्यायाचं आहे.