शलाका प्रकाशकी, कणवेगवर्धकातील

कणवेगवर्धकातील विद्युत् भारित कणांची शलाका चुंबकांच्या साहाय्याने ठराविक मार्गावर ठेवणे, ती पसरू न देणे व इष्ट ठिकाणी अत्यंत बारीक करणे यांसंबंधीचे शास्त्र म्हणजे शलाका प्रकाशकी होय. प्रकाशकिरणांच्या बाबतीत लोलक व भिंग जे कार्य करतात, तेच येथे अनुक्रमे द्विध्रुवी व चतुर्ध्रुवी चुंबक करतात; नावातील ‘प्रकाशकी’ हा शब्द या साम्यामुळे आला आहे. साम्य मात्र पूर्ण नाही. काचेचे बहिर्गोल भिंग सर्व दिशांनी किरण एकत्र आणते, तर आडव्या प्रतलात शलाका एकत्र आणणारा चतुर्ध्रुवी चुंबक उभ्या प्रतलात तिला फाकवतो. मॅक्सवेल समीकरणांतून निष्पन्न होणारा हा निर्बंध टाळता येत नाही.

यातून मार्ग सापडेपर्यंत वेगवर्धकांचे चुंबक अवजड होत गेले. दूब्ना (रशिया) येथे १९५७ मध्ये सुरू झालेल्या १० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या समकालिक वेगवर्धकाच्या चुंबकाचे वजन ३६,००० टन होते. मार्ग त्यापूर्वीच, १९५२ मध्ये, अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ई. डी. कूरांट, एम. एस. लिव्हिंग्स्टन व एच. एस. स्नायडर यांनी दाखवून दिला होता. केंद्रीकरण करणारे व फाकवणारे चुंबक आळीपाळीने मांडले, तर दोन्ही प्रतलांत निव्वळ परिणाम केंद्रीकरणाचाच होतो. कारण केंद्रीकरण करणाऱ्या चुंबकात कण अक्षापासून दूर असतो व त्याला मोठा झटका बसतो, तर फाकवणाऱ्या चुंबकात तो अक्षाजवळ असल्याने झटका लहान असतो. हीच कल्पना अथेन्समधील अभियंते निकोलस ख्रिस्तोफिलोस यांना आधीच स्वतंत्रपणे सुचली होती आणि त्यांनी तिच्या एकस्वासाठी अर्जही केला होता. त्यांचे श्रेय पुढे मान्य करण्यात आले. या तत्त्वावर जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत १९५९ मध्ये उभारलेल्या यंत्राने दूब्नाच्या दुपटीहून अधिक ऊर्जा गाठली व तीही सुमारे दहाव्या हिश्श्याच्या चुंबकात [⟶ कणवेगवर्धक].

बीटा फलन : आदर्श मार्गापासून ढळलेला कण त्या मार्गाच्या दोहो बाजूंना आंदोलने घेत पुढे जातो. त्यांना बीटाट्रॉन आंदोलने म्हणतात. त्यांचे समीकरण जी. डब्ल्यू. हिल यांनी १८७७ मध्ये चंद्राच्या गतीचा विचार करताना मांडलेल्या समीकरणाच्याच प्रकारचे आहे. वलयातील प्रत्येक ठिकाणी आंदोलनाचा विस्तार किती असेल हे बीटा फलनावरून समजते. शलाकेची रुंदी या फलनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. एका फेरीत होणाऱ्या आंदोलनांच्या संख्येला आंदोलनांक म्हणता येईल. तो पूर्णांक किंवा अर्धपूर्णांक असता कामा नये. तसा असल्यास चुंबकातील लहानशी त्रुटी प्रत्येक फेरीत त्याच कलेत भर घालते व अनुस्पंदनामुळे शलाका नष्ट होते. सर्न येथील २६·७ किमी. परिघाच्या विशाल हॅड्रॉन संघट्टकात प्रोटॉन आत सोडताना हे अंक आडव्या प्रतलात ६४·२८ व उभ्या प्रतलात ५९·३१ ठेवण्यात आले होते.

प्रतिमान : चुंबकांची स्थाने, लांबी व तीव्रता संगणकात घालून बीटा फलन काढता येते. सर्न येथे विकसित झालेली ‘मॅड’ ही संगणकीय प्रणाली यासाठी प्रसिद्ध आहे. परंतु प्रतिमान हे कागदावरचे यंत्र असते. प्रत्यक्षातील चुंबक बसवताना मिलिमीटरच्या अंशाने सरकतात, विद्युत् प्रवाह दर्शविलेल्या आकड्याहून किंचित वेगळा असतो आणि अतिसंवाहक तारांतून वाहणारे प्रवाह आधीचा इतिहास ‘लक्षात’ ठेवतात. तीव्रतेतील त्रुटीचा परिणाम त्या ठिकाणच्या बीटा फलनाच्या प्रमाणात वाढतो. संघट्टन बिंदूवर शलाका बारीक करण्यासाठी शेजारच्या चुंबकांत ती रुंद करावी लागते व तेथे बीटा फलन काही किमी.पर्यंत जाते, म्हणून तेथील दहा हजारांत एक भाग एवढी चूकही दुर्लक्षणीय नसते. अशा चुकीमुळे प्रत्यक्ष बीटा फलन अपेक्षित मूल्याच्या खाली-वर हेलकावे घेते व ही तफावत संपूर्ण वलयात पसरते. विशाल हॅड्रॉन संघट्टकाच्या अभिकल्पात तिची मर्यादा सुमारे २० टक्के धरलेली होती. ही मर्यादा केवळ औपचारिक नव्हे. पूर्ण तीव्रतेच्या एका शलाकेत सु. ३६ कोटी जूल, म्हणजे सु. ५०० किग्रॅ. तांबे वितळवू शकेल एवढी ऊर्जा असते. शलाका अपेक्षेपेक्षा रुंद झाली, तर भरकटलेले कण त्यांच्यासाठी ठेवलेल्या मर्यादकांवर न आदळता अतिसंवाहक चुंबकांवर आदळू शकतात.

कार्यान्वयन : नव्या यंत्रात प्रथम अल्प तीव्रतेची शलाका सोडून ती एकेका विभागातून पुढे नेतात, मार्ग दुरुस्त करतात, फेरी पूर्ण झाल्यावर रेडिओ-कंप्रतेच्या क्षेत्रात कणांचे पुंज पकडून ठेवतात आणि त्यानंतरच आंदोलनांक, संवेगातील फरकामुळे उद्भवणारे वर्णविपथन व दोन प्रतलांतील युग्मन यांकडे वळतात. १० सप्टेंबर २००८ रोजी विशाल हॅड्रॉन संघट्टकातील पहिली शलाका तासाभरात पूर्ण वलयातून नेण्यात आली. वृत्तपत्रांनी या घटनेला मोठी प्रसिद्धी दिली; पण प्रकाशकीच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत घडली. विरुद्ध दिशेने फिरणाऱ्या दुसऱ्या शलाकेच्या आंदोलनांची नोंद स्थानदर्शकांनी जास्तीत जास्त ९० फेऱ्यांपर्यंत केली. एका फेरीस ८९ मायक्रोसेकंद लागतात, हे ध्यानात घेता ही सारी सामग्री सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी काळातील होती. युग्मन दुरुस्त केलेले नव्हते व वर्णविपथनही मोठे होते. तरीसुद्धा दोन स्थानदर्शकांमधील कलांतराची प्रतिमानाशी तुलना करून तफावतीचे प्रमुख उगमस्थान शोधता आले : एका लहान चतुर्ध्रुवी चुंबकाच्या दोन नलिकांसाठीच्या केबलींची अदलाबदल झालेली होती. हजारो जोडण्यांमधील ही चूक डोळ्यांनी शोधणे जवळजवळ अशक्यच होते. १९ सप्टेंबरला चुंबकांमधील एक विद्युत् जोड निकामी होऊन यंत्र बंद पडले, त्याचा प्रकाशकीशी संबंध नव्हता. नोव्हेंबर २००९ मध्ये शलाका पुन्हा फिरू लागली व २०१२ पर्यंत कमाल तफावत १० टक्क्यांच्या आसपास किंवा तिच्याही आत आणण्यात आली.

इलेक्ट्रॉनांच्या साठवण वलयांत दुसरी एक पद्धत अधिक रूढ आहे. प्रत्येक दुरुस्ती-चुंबकाचा प्रवाह थोडा बदलून सर्व स्थानदर्शकांवर मार्ग किती सरकतो ते मोजतात आणि या मापनांशी जुळेपर्यंत प्रतिमानातील चुंबकांची तीव्रता संगणकाद्वारे बदलतात. जे. सॅफ्रानेक यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यामुळे तिचा प्रसार झाला. इंदूर येथील इंदूस-२ हे अशाच जातीचे वलय असून त्यात १६ द्विध्रुवी व ७२ चतुर्ध्रुवी चुंबक आहेत. १७२·५ मी. परिघाच्या या वलयातून डिसेंबर २००५ मध्ये समकालिक प्रारण प्रथम मिळाले.

प्रत्येक दोष मात्र चुंबकातच असतो असे नाही. सध्याच्या संघट्टकाच्या बोगद्यात पूर्वी असलेल्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रात १९९६ च्या जूनमध्ये, दुरुस्तीसाठीच्या खंडानंतर, शलाका काही केल्या फेरी पूर्ण करीना. चुंबकांच्या मूल्यांत काही दोष आढळला नाही. अखेर स्थानदर्शकांच्या नोंदींवरून अडथळा एका चतुर्ध्रुवी चुंबकापाशी आहे असे ठरले. तेथील निर्वात नलिका उघडली, तेव्हा आत बिअरच्या दोन रिकाम्या बाटल्या सापडल्या.