वाळवंटातील जमिनीचा लिलाव

राष्ट्राच्या मालकीची जमीन गावाच्या वाढीसाठी विकावी काय, हा वाद अमेरिकेत नवा नाही. परंतु २०२५ च्या जूनमध्ये त्याला जे वळण लागले त्याची दखल आपल्याकडील विचारी नागरिकांनीही घ्यावी, असे आम्हांस वाटते. उटाहचे सेनेटर माइक ली यांनी अर्थसंकल्पाशी निगडित विधेयकात असे कलम घातले होते की, पश्चिमेकडील अकरा राज्यांत केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्याकडे व वनखात्याकडे जी जमीन आहे, तिच्यापैकी अर्धा ते पाऊण टक्का जमीन पाच वर्षांच्या आत विकून टाकावी. पाऊण टक्का ऐकताना किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात ते क्षेत्र २२ ते ३३ लक्ष एकर होते. हेतू सांगण्यात आला तो घरटंचाई निवारण्याचा. मात्र विक्रीच्या रकमेचा फार मोठा वाटा जाणार होता तो केंद्राच्या खजिन्यात. हे कलम अर्थसंकल्पी विधेयकाच्या चौकटीत बसत नाही, असा निर्णय सेनेटच्या नियम-अधिकाऱ्यांनी दिला. ली यांनी ते आखडून पुन्हा मांडण्याची खटपट केली. आणि अखेर २८ जूनला ते मागे घेतले. विशेष हे की, त्याला विरोध करणारे केवळ निसर्गरक्षणवाले नव्हते. शिकारी होते, नदीवर गळ टाकून बसणारे होते, आणि ली यांच्याच पक्षाचे लोक होते. त्याआधी मे महिन्यात प्रतिनिधिगृहात नेवाडा व उटाहमधील सुमारे ५ लक्ष एकरांच्या विक्रीची दुरुस्ती अशीच बारगळली, आणि तिला आडवे आले ते माँटानाचे रायन झिंकी, म्हणजे ट्रंप यांच्या पहिल्या कारकीर्दीत ह्याच जमिनींचा कारभार पाहणारे मंत्री!

एवढ्यावरून सरकारी जमीन विकणे हे पापच, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे. देशाच्या एकंदर भूमीचा हा चतुर्थांशाहून अधिक हिस्सा. पण तो सर्वत्र सारखा पसरलेला नाही. पूर्वेकडील राज्यांत तो नाममात्र आहे, तर नेवाडात शेकडा ८०. त्याच राज्यातील लिंकन काउंटीत तर शंभर एकरांपैकी अठ्ठ्याण्णव एकर केंद्राचे आहेत. अशा गावात शाळेला नवा मास्तर मिळाला तरी त्याने राहावे कोठे? दवाखाना बांधावयाचा, स्मशानभूमी वाढवावयाची, तरी अर्ज जाणार तो केंद्राच्या खात्याकडे. शिवाय केंद्राच्या जमिनीवर स्थानिक संस्थेला घरपट्टी-जमीनपट्टी बसविता येत नाही. त्या बदल्यात १९७६ पासून अनुदान मिळते, पण अनुदान आणि स्वतःचा कर यांतील अंतर आपल्याकडच्या कोणत्याही नगराध्यक्षाला विचारावे. गावाच्या चारी बाजूंना मोकळे माळरान आणि गावात मात्र घराला जागा नाही, ही तक्रार खोटी नव्हे.

ही मालकी केंद्राकडे आली कशी, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मुळात ही भूमी तेथील आदिवासींची. दक्षिण नेवाडात पायूट लोकांची. ती तह करून, तह मोडून आणि कित्येकदा तहावाचूनच घेतली गेली. मग ती वाटण्याचे शतक आले. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे कसणाऱ्याला १६० एकर दिले, आणि त्या एका कायद्याखाली सुमारे २७ कोटी एकर जमीन लोकांच्या हाती गेली. रेल्वे कंपन्यांना गेली ती वेगळीच. जेथे नांगर चालेना, पाणी मिळेना, असे डोंगर व वाळवंट तेवढे केंद्राकडे उरले. १९७६ मध्ये काँग्रेसने हे धोरण फिरविले. सार्वजनिक जमीन राखावयाची हा नियम, आणि विकणे हा अपवाद. तोही राष्ट्रहित सिद्ध झाल्यास. नेवाडाला मात्र ह्यातून एक धडा अगोदरच मिळाला होता. शाळांच्या पोषणासाठी राज्याला केंद्राकडून जी विस्तीर्ण जमीन मिळाली, ती त्याने जवळजवळ सगळी विकून टाकली. आज त्यातले काही हजार एकरच शिल्लक आहेत. ‘आमची जमीन आमच्या हवाली करा’ म्हणणाऱ्या राज्यांच्या हातून जमिनीचे काय होते, याचे हे उदाहरण त्या राज्यातील भाषणांत फारसे ऐकू येत नाही.

आता लास व्हेगासकडे वळू. हे शहर जन्मले तेच लिलावात: १९०५ च्या मे महिन्यात रेल्वे कंपनीने भर उन्हात भूखंड विकले आणि वस्ती उभी राहिली. ज्या क्लार्क काउंटीत ते आहे, तिची लोकसंख्या १९९० मध्ये साडेसात लक्षांच्या आत होती. २०२० मध्ये ती साडेबावीस लक्षांवर गेली. तीस वर्षांत तिप्पट! चहूकडून केंद्राच्या जमिनीने वेढलेल्या शहराची अशी वाढ व्हावयाची, तर विक्री अटळच होती. प्रश्न होता तो विकण्याच्या रीतीचा. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात ही रीत घालून दिलेली आहे, आणि ती आमच्या मते अभ्यासण्याजोगी आहे. शहराभोवती नकाशावर एक रेषा आखली गेली. त्या रेषेच्या आतील जमीनच विक्रीस काढावयाची. कोणता तुकडा केव्हा काढावा हे केंद्राच्या खात्याने एकट्याने ठरवावयाचे नाही, स्थानिक संस्थेने बरोबर बसून निवडावयाचा. लिलाव बाजारभावाच्या खाली जाता कामा नये. आणि पैसा? शंभरांतील ५ राज्याच्या शिक्षणाकडे, १० दक्षिण नेवाडाच्या पाणीपुरवठा संस्थेकडे, आणि उरलेले ८५ एका स्वतंत्र खात्यात. त्या खात्यातून नेवाडातच उद्याने, पायवाटा, निसर्गसंवर्धन, तसेच जपण्याजोगी खाजगी जमीन विकत घेऊन ती सार्वजनिक करणे, असा खर्च व्हावयाचा. एका टोकाची जमीन देऊन दुसऱ्या टोकाची राखावयाची, असा हा व्यवहार आहे. रेषा पुढे २००२ मध्ये आणखी बाहेर सरकली, हे खरे; परंतु पैसा मात्र जागचा हलला नाही. तो हलविण्याचा प्रयत्न झाला नाही असे नव्हे. जमिनीचे भाव कडाडून खाते भरू लागले तेव्हा बुश सरकारने २००५ मध्ये अशी सूचना पुढे केली की, त्यातील ७० टक्के रक्कम केंद्राच्या तुटीकडे वळवावी. नेवाडाच्या दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींनी ती हाणून पाडली. कायद्यात आकडे लिहिलेले नसते तर ती रक्कम वॉशिंग्टनला केव्हा पोहोचली हे कोणाला कळलेही नसते.

तथापि ह्या कायद्याची दुसरी बाजू लंगडी निघाली. लिलावाने पैसा मिळतो, घर मिळत नाही. जो सर्वांत मोठी बोली लावतो त्याला ती रक्कम घराच्या किमतीतून वसूल करावयाची असते; मग ते घर शिक्षकाला वा हॉटेलातील खोल्या झाडणाऱ्या बाईला परवडणार कसे? २००५ च्या तेजीत उत्तर लास व्हेगासमधील सुमारे २,७०० एकरांचा एक पट्टा ६० कोटी डॉलरहून अधिक बोलीने एकगठ्ठा गेला. लवकरच मंदी आली, आणि ती जमीन कित्येक वर्षे तशीच पडून राहिली. घरजप्तीच्या प्रमाणात नेवाडा तेव्हा साऱ्या अमेरिकेत अग्रस्थानी होता. म्हणजे खात्यात पैसा जमला, उद्यानेही झाली, आणि ज्यांच्या नावाने जमीन सुटी केली त्यांच्या डोक्यावर छप्पर नाही! गंमत अशी की, अल्प उत्पन्नाच्या लोकांच्या घरांसाठी बाजारभावाखाली जमीन देण्याची मुभा ह्याच १९९८ च्या कायद्यात होती. पाव शतकात तिचा लाभ फारच थोड्या एकरांना झाला. २०२३ मध्ये अशा जमिनीचा दर एकरी १०० डॉलर ठरविण्यात आला, आणि २०२४ मध्ये क्लार्क काउंटीला २० एकर २,००० डॉलरला मिळाले. तेथे सुमारे २१० घरांची योजना आहे. विक्रीपत्राच्या कोऱ्या जागेत घर कोणासाठी हे लिहिले की दर आपोआप बदलतो, हे त्या सौद्याने दाखविले. आता वीस एकरांचे दोनशे एकर होण्यास अडचण असलीच तर ती कायद्याची नाही.

पाण्याबद्दल एक वाक्य लिहिणे भाग आहे. कोलोरॅडो नदीतील नेवाडाचा वार्षिक वाटा ३ लक्ष एकर-फूट, म्हणजे तीन लक्ष एकरांवर एक फूट उंच उभे राहील एवढे पाणी, आणि तो १९२८ पासून ठरलेला आहे. जमीन कितीही विकली तरी तो वाढावयाचा नाही.

मुंबईच्या वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. ह्या शहरातही केंद्राची जमीन विकली गेलेली आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ हा केंद्राचा उपक्रम. त्याच्याकडे आलेल्या गिरण्यांपैकी पाच २००५ मध्ये विकल्या गेल्या, आणि त्यांतील एकट्या मुंबई टेक्सटाइल मिलच्या सुमारे सतरा एकरांना ७०२ कोटी रुपये आले. गिरण्यांच्या जमिनीविषयी १९९१ च्या नियमावलीत तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, तिसरा गृहनिर्माणासाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी विभागणी होती. २००१ मध्ये नियमाची शब्दरचना बदलली: वाटणी सबंध जमिनीची न राहता बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेपुरती उरली. चार शब्दांच्या फेरफाराने शहराच्या हातून काय निसटले, हे परळ-लोअर परळच्या रस्त्याने जाणाऱ्यास दिसतेच. उच्च न्यायालयाने २००५ च्या ऑक्टोबरमध्ये ह्याला आळा घातला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या मार्चमध्ये तो निर्णय फिरविला. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली ती २०१२ मध्ये, ६,९२५ घरांची. आणि अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. महामंडळाला रक्कम हवी होती, ती त्याला मिळाली. ती कामगारांची देणी व उरलेल्या गिरण्या यांसाठी होती हे मान्य करूनही, गिरणगावात काय उभे राहावे हा प्रश्न त्या लिलावात कोणी विचारला नाही, हे सांगणे प्राप्त आहे.

आणि आता मिठागरे. कांजूर, भांडुप व मुलुंड येथील केंद्राच्या मिठागरांपैकी २५५.९ एकर जमीन धारावी पुनर्विकासातील भाड्याच्या घरांसाठी घेण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. पावसाळ्यात भरतीचे पाणी सामावून घेणाऱ्या ह्या सखल पट्ट्यावर वस्ती करावी की नाही, याविषयी आमच्या मनात गंभीर शंका आहेत. तो वेगळ्या लेखाचा विषय. परंतु हस्तांतर व्हावयाचेच असेल तर सरकारने पुढील गोष्टी लेखी जाहीर कराव्यात. नकाशावरची रेषा कोणती, आणि ती पुढे सरकविण्याचा अधिकार कोणाला? भाडे किती, व ते किती वर्षे बांधलेले राहील? घर कोणाला मिळणार, आणि ठरलेल्या मुदतीत ते उभे न राहिल्यास जमीन कोणाकडे परत जाणार? जमिनीच्या मोबदल्यातील किती रक्कम भांडुप-मुलुंडच्या नाल्यांवर, शाळांवर व रुग्णालयांवर खर्च होणार, आणि किती दिल्लीला जाणार? २००१ च्या दुरुस्तीचा अनुभव गाठीशी असलेल्या मुंबईकरांनी उत्तर मागताना मसुद्याची प्रतही मागून घ्यावी.