पाचव्या महिन्यातलं तेल

विदर्भात वरोऱ्याकडे काय किंवा राज्यात इतरत्र काय, बाळंतिणीला तूप कमी पडू देत नाहीत. डिंकाचे लाडू तिच्यासाठी असतात, डोहाळजेवण सातव्या महिन्यात होतं. पाचव्या महिन्यात गर्भवतीच्या भाजीत तेल किती पडलं, हे कोणी विचारत नाही. आकडे मात्र त्याच महिन्याकडे बोट दाखवतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 मध्ये पुण्याजवळच्या 6 गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. बायकांचं सरासरी वजन जेमतेम 42 किलो, बीएमआय 18.1. अठराव्या आठवड्यात, म्हणजे पाचव्या महिन्यात, रोजचा आहार साधारण 1,770 कॅलरींचा, प्रथिनं 45 ग्रॅम. बाळाच्या आकाराशी या दोन्हींचं नातं सापडलं नाही. सापडलं ते त्याच आठवड्यातल्या स्निग्ध पदार्थांचं: ते जास्त खाणाऱ्या आयांची बाळं लांबीला आणि वजनाला थोडी सरस होती.

एकूण सरासरी तरीही 2.7 किलोच. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळं 3.5 किलोंची. गंमत अशी, की पुण्याकडच्या बाळांत स्नायू आणि पोटाचा घेर फार कमी, पण कातडीखालची चरबी जवळपास टिकून. हीच मुलं 18 वर्षांची झाली तेव्हा 37 टक्के मुलगे आणि 18 टक्के मुलींच्या रक्तातली साखर प्रमाणाबाहेर होती. त्यांत लठ्ठ फारच थोडे. शहरी डॉक्टरांचा ‘तेल कमी करा’ हा सल्ला अशा घरात उलटाच पडू शकतो.

अर्थात, नातं म्हणजे कारण नव्हे. मुंबईच्या वस्त्यांत 2006 पासून बायकांना पालेभाजी, फळं आणि दुधाचा खाऊ देऊन पाहिलं, तेव्हा बाळाचं वजन सरासरी 26 ग्रॅमच वाढलं, म्हणजे न वाढल्यासारखंच. गर्भ राहण्याआधी किमान 3 महिने खाऊ सुरू झालेल्यांत मात्र 48 ग्रॅम. आईला गर्भारपणात होणारा मधुमेह तुलनेच्या गटातल्या 12.4 टक्क्यांऐवजी 7.3 टक्क्यांवर राहिला, आणि मला हाच आकडा मोठा वाटतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या आदिवासी भागांत 2015 पासून अमृत आहार योजनेत गर्भवतींना अंगणवाडीत गरम जेवण मिळू लागलं. तेही शेवटच्या तिमाहीपासून. हेतू उत्तम, वेळ उशिराची.

किती तेल हवं? राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब गर्भवतीला दिवसाला 30 ग्रॅमचा, म्हणजे तिच्या एकटीसाठी महिन्याला साधारण लिटरभराची थैली. प्रकारही महत्त्वाचा. विदर्भातल्या जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-3 हे स्निग्धाम्ल असतं. मोठा चमचाभर जवसाच्या चटणीतही दीड-दोन ग्रॅम मिळतं. गर्भाच्या मेंदूला लागणारं डीएचए मात्र शरीर त्यातून अगदी थोडंच बनवतं. ते मासळीतून थेट येतं. म्हणजे चटणी हवी, पण सुकटही.