लघुदृष्टी आणि संगणकाचा पडदा

शाळेतील संगणकाच्या खोलीत पडद्यात मान घालून बसलेला विद्यार्थी बहुधा चष्मा लावणारा असतो. आणि पुष्कळदा त्याचा चष्मा नाकावर नसून शेजारी मेजावर ठेवलेला असतो. तास संपता संपता तो डोळे चोळू लागतो, कपाळ दाबू लागतो. चष्मा पुन्हा चढवून फळ्याकडे पाहिले, तरी अक्षरे क्षणभर धूसरच दिसतात. घरी हे सांगावे, तर नंबर वाढला असे समजून संगणक बंद होईल, ही भीती त्याच्या मनात असते. म्हणून तो गप्प राहतो. वस्तुतः डोळ्यांचा शीण आणि चष्म्याचा नंबर या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. त्यांची गल्लत झाली म्हणजे शिणावरचा साधा उपायही राहतो आणि नंबर तपासून घेणेही राहून जाते.

डोळ्यात शिरणारे प्रकाशकिरण प्रथम पारपटल नावाच्या काचेसारख्या स्वच्छ आवरणातून आणि मग आतील भिंगातून जातात. त्या दोहोंमुळे किरण वळतात व मागील दृष्टिपटलावर एकत्र येऊन तेथे प्रतिमा उमटते. मोठ्या माणसाचा नेत्रगोल पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. वाढीच्या वयात काही मुलांचा नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांबट होतो. अशा डोळ्यात दूरच्या वस्तूपासून आलेले किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात आणि पटलावर पोहोचेपर्यंत पुन्हा विस्कटतात. दूरचे धूसर दिसते, जवळचे मात्र स्वच्छ दिसते. हीच लघुदृष्टी होय. अंतर्गोल भिंगांचे चष्मे लोक फार पूर्वीपासून वापरीत होते. परंतु ते उपयोगी का पडतात, याचे खरे कारण प्रथम योहानेस केप्लर या ज्योतिर्विदाने १६०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सांगितले. आकाशाचे गणित मांडणाऱ्या केप्लरची स्वतःची दृष्टी लहानपणी देवी आल्यामुळे अधू झाली होती.

तथापि एक कोडे उरलेच होते. एकच डोळा कधी दूरचे आणि कधी जवळचे स्पष्ट पाहू शकतो, तो कसा? कोणी म्हणत, पारपटलाचा फुगवटा बदलतो. कोणी म्हणत, सबंध नेत्रगोलच लांब होतो. लंडन येथे टॉमस यंग या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टराने याचा शोध स्वतःच्याच डोळ्यावर घेतला. त्याने एका लहानशा नळीच्या टोकाला भिंग बसविले, नळीत थंड पाणी भरले आणि ती उघड्या डोळ्याला लावली. पाण्यात बुडालेले पारपटल किरण वळविण्याचे आपले काम जवळजवळ गमावते. तरीसुद्धा यंगला पूर्वीप्रमाणेच जवळच्या व दूरच्या वस्तूंवर दृष्टी जुळविता आली. म्हणजे ही किमया पारपटलाची नव्हे. नेत्रगोलाची लांबी बदलत नाही, हेही त्याने निराळ्या प्रयोगाने दाखविले. उरले ते आतील भिंग. हा निबंध १८०० च्या नोव्हेंबरात रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. पुढे सिद्ध झाले ते असे, की जवळ पाहताना भिंगाभोवतीचा वर्तुळाकार स्नायू आवळला जातो आणि भिंग अधिक फुगीर होते. दूर पाहताना तो स्नायू सैल पडतो. दूरची दृष्टी ही डोळ्याची विश्रांती आहे आणि जवळची दृष्टी हे त्याचे काम आहे.

यंगचा डोळाही लघुदृष्टीचाच होता. विसावलेल्या स्थितीत त्याला एका दिशेने १० इंचांवरचे आणि दुसऱ्या दिशेने ७ इंचांवरचे स्पष्ट दिसे. चष्म्याच्या नंबरात डोळ्याचे हेच अंतर दडलेले असते. १०० ला नंबराने भागले, की चष्मा नसताना स्पष्ट दिसण्याची सीमा सेंटिमीटरांत मिळते. उणे २ नंबराच्या डोळ्याची सीमा ५० सेंटिमीटर, उणे ४ ची २५, उणे ५ ची अवघी २०. यंगचे १० इंच म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर, अर्थात उणे ४.

या हिशेबावरून संगणकापुढचा सारा प्रकार उलगडतो. उणे २ नंबराचा विद्यार्थी चष्मा काढून ५० सेंटिमीटरांवरच्या पडद्याकडे पाहतो, तेव्हा त्याच्या भिंगाला जवळजवळ काहीच करावे लागत नाही. चष्मा घातला, की त्याचा डोळा इतरांसारखा होतो आणि इतरांइतकेच काम करू लागतो. चष्मा काढल्यावर बरे वाटते, ते यामुळे. चष्मा वाईट आहे म्हणून नव्हे. परंतु उणे ४ वा उणे ५ नंबराच्या विद्यार्थ्याने हीच युक्ती केली, तर त्याला पडदा वीतभर अंतरावर आणावा लागतो. तेथे भिंगाचे काम वाचते खरे, पण एवढ्या जवळच्या वस्तूवर दोन्ही डोळे रोखण्यासाठी ते नाकाकडे बरेच वळवावे लागतात आणि पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो. भिंगाने टाळलेले कष्ट डोळ्यांचे बाहेरचे स्नायू आणि मान यांच्या वाट्याला येतात. शिवाय पुष्कळांच्या दोन डोळ्यांचे नंबर सारखे नसतात. यास्तव मोठ्या नंबराच्या विद्यार्थ्याने चष्मा घालूनच बसावे, हे उत्तम. लहान नंबराच्या विद्यार्थ्याने काय करावे, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावे.

शिणाचे दुसरे कारण इतके साधे आहे की ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. मनुष्य एरवी मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापण्या मिटतो. प्रत्येक वेळी अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर नव्याने पसरतो. पडद्याकडे टक लावून पाहताना मात्र पापण्या मिटण्याचे प्रमाण निम्म्याच्याही खाली येते. अश्रूंचा थर वाळतो, डोळे चुरचुरतात आणि अक्षरे अंधुक होतात. छापील पुस्तक खाली मांडीवर असते, त्यामुळे पापण्या अर्धवट झुकलेल्या असतात. संगणकाचा पडदा समोर उंचावर असला, तर डोळे सताड उघडे राहतात आणि अधिकच वाळतात. पंख्याचा झोत थेट तोंडावर येत असेल, तर विचारूच नये.

म्हणून पडदा हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर, दूर असावा. त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. अक्षरे बारीक वाटली तर ती मोठी करावीत. आपण पुढे सरकू नये. खिडकी पाठीशी असली तर तिचे प्रतिबिंब पडद्यावर चमकते, समोर असली तर डोळे दिपतात. ती बाजूला असणे चांगले. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडच्या एखाद्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, असा एक नियम सांगतात. आकडे लक्षात राहावेत म्हणून ते सारखे घेतलेले आहेत. २० ऐवजी २५ मिनिटे झाली तर काही बिघडत नाही. मात्र चष्मा लावणाऱ्याने त्या वेळी चष्मा डोळ्यांवर ठेवावा, नाहीतर दूरचे पाहायचे ते धुक्यातच. पडद्याच्या निळ्या प्रकाशापासून रक्षण करणारे म्हणून जे खास चष्मे विकले जातात, त्यांनी शीण कमी होतो असे चाचण्यांत दिसून आलेले नाही. ते पैसे वाचवावेत.

आता नंबराविषयी. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा समज निराधार आहे. नेत्रगोल लांबतो म्हणून नंबर वाढतो. त्या वाढीवर कशाचा परिणाम होतो, हे शोधण्यासाठी चीनमधील ग्वांगजौ शहरातील बारा प्राथमिक शाळांत एक प्रयोग करण्यात आला. सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज शाळेच्या वेळात ४० मिनिटे अधिक उघड्यावर काढावयास लावले. उरलेल्या सहा शाळांचा क्रम नेहमीप्रमाणेच ठेवला. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत नेहमीच्या शाळांतील शेकडा ३९.५ मुलांना लघुदृष्टी आली. उघड्यावर गेलेल्यांत हे प्रमाण शेकडा ३०.४ होते. मैदानावर सावलीतसुद्धा वर्गातल्यापेक्षा कितीतरी पट अधिक उजेड असतो, आणि तो डोळ्याच्या लांबण्याला आळा घालतो असे तज्ज्ञ मानतात. ज्याला चष्मा लागला आहे, त्याचा नंबर खेळल्याने उतरत नाही. पण ज्याच्या धाकट्या भावाला अजून लागलेला नाही, त्याने त्याला मैदानावर न्यावे.

नंबर तपासताना डॉक्टर मुलांच्या डोळ्यांत कित्येकदा औषधाचे थेंब घालतात. मुलांचे भिंग फार चपळ. तपासणीच्या वेळीही ते फुगत राहते आणि नंबर चुकवते. थेंबांमुळे त्याचा स्नायू काही वेळ निपचित पडतो. बाहुल्या मोठ्या होतात, उन्हात डोळे दिपतात. उणे २ नंबराचा विद्यार्थी त्या दिवशी घरी येऊन चष्मा लावतो, तेव्हा त्याला समोरच्या झाडाची फांदी न् फांदी स्पष्ट दिसते, पण पडद्यावरचे एक अक्षरही लागत नाही. मग तो चष्मा काढतो, अदमासे ५० सेंटिमीटरांवर बसतो, आणि तीच अक्षरे स्वच्छ दिसू लागतात.