कापोनाता : एका आंबटगोड पदार्थातील इतिहासाचे स्तर

प्रस्तावना

एखादा खाद्यपदार्थ ‘मूळचा कोणाचा’, हा प्रश्न अनेकदा मोठ्या अभिनिवेशाने विचारला जातो. पुरेसा लिखित पुरावा नसतानाही पदार्थाला एकच जनक बहाल करण्याचा मोह अभ्यासकांनाही आवरत नाही. इटलीतील सिसिली बेटावरील ‘कापोनाता’ या वांग्याच्या आंबटगोड पदार्थाच्या आधारे या प्रश्नाची छाननी करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पदार्थाचे स्वरूप

वांग्याच्या फोडी तेलात तळून घेतात. कांदा, सेलरीचे दांडे, टोमॅटो, हिरवी ऑलिव्ह फळे आणि केपर, म्हणजे एका झुडपाच्या खारवलेल्या कळ्या, यांचे मिश्रण वेगळे शिजवतात. त्यात व्हिनेगर व साखर घालून तळलेली वांगी मिसळतात. या चवीस इटालियन भाषेत ‘आग्रोदोल्चे’ म्हणतात.

वांग्याचा गर सच्छिद्र असल्याने तो तेल शोषून घेतो. फोडींना आधी मीठ लावल्यास पाणी सुटते, गरातील पोकळी कमी होते व तेल कमी लागते. साखरेमुळे आम्ल नाहीसे होत नाही. आंबटपणाची जाणीव तेवढी सौम्य होते. हा पदार्थ निवल्यावर, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी वाढतात. मधल्या काळात रस फोडींत मुरतो.

घटकांचा कालक्रम

या पदार्थाचे घटक एकाच काळातील नाहीत. ऑलिव्ह, केपर व व्हिनेगर हे भूमध्य प्रदेशात प्राचीन काळापासून परिचित आहेत. वांगे मात्र दक्षिण आशियातील. ते इराण व अरब जगतामार्गे पश्चिमेकडे गेले. उसाचा प्रवासही याच मार्गाने झाला. इ. स. ८२७ मध्ये उत्तर आफ्रिकेतील अघलबी सत्तेने सिसिलीवर स्वारी केली आणि ८३१ मध्ये पालेर्मो जिंकले. पुढे १०६१ ते १०९१ या काळात नॉर्मनांनी बेट काबीज केले. तथापि अरबांची शेती व बागायतीची विद्या तेथे टिकून राहिली. टोमॅटो तर अमेरिका खंडातील. इटलीत त्याचा उल्लेख १५४४ मध्ये मात्तिओली या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लेखनात आढळतो. म्हणजेच टोमॅटोयुक्त कापोनाता त्यापूर्वीची असू शकत नाही.

आंबटगोड चवीचा वारसा

ही चव अरबांकडून आली, असे सर्रास म्हटले जाते. बगदाद येथील अल-बगदादी यांच्या १२२६ च्या पाकग्रंथातील ‘सिकबाज’ या मांसाच्या पदार्थात व्हिनेगर व गोड रस एकत्र येतात. गाजराचा हंगाम नसल्यास वांगी घालण्याची सूचनाही तेथे आहे. हा पुरावा महत्त्वाचा आहे, परंतु निर्णायक नाही. कारण ‘आपिसियस’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्राचीन रोमन पाकसंग्रहातही मध व व्हिनेगर यांचा संयोग आढळतो. त्यामुळे अरबांनी जुन्या आवडीला नवे घटक पुरविले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

शब्दांची साक्ष

संस्कृत ‘वातिंगण’ या शब्दाशी फारसी ‘बादिंगान’ व अरबी ‘बाजिंजान’ यांचे नाते सांगितले जाते. अरबी शब्दाच्या वळणातूनच इटालियन ‘मेलान्झाना’ सिद्ध झाला. त्याचा अर्थ लोकव्युत्पत्तीने ‘वेडे फळ’ असा लावला गेला. मराठीतील ‘वांगे’ हा शब्दही त्याच संस्कृत मूळाकडे जातो. ‘कापोनाता’ या नावाविषयी मात्र मतभेद आहेत: काही जण ते एका माशाच्या नावाशी, तर काही लॅटिनमधील खानावळवाचक शब्दाशी जोडतात.

निष्कर्ष

कापोनाता ही निःसंशय सिसिलीची आहे. परंतु तिचे सिसिलीपण घटकांच्या शुद्धतेत नसून बाहेरून आलेल्या वस्तू पचवून आपल्याशा करण्यात आहे. म्हणून खाद्येतिहासाच्या अध्यापनात ‘पदार्थ कोणाचा?’ या प्रश्नापूर्वी ‘कोणता घटक केव्हा व कोणत्या मार्गाने आला?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. पहिल्या प्रश्नातून अस्मिता जागी होते. दुसऱ्यातून इतिहास उलगडतो.