नांवगांव विचारल्यावांचून उपाय नाहीं

निदान चुकलें म्हणजे औषध कितीही मोलाचें असलें तरी तें वायां जातें, हें वैद्यकाचें सूत्र आमच्या वाचकांस नवें नाहीं. नद्यांना व तळ्यांना जडणाऱ्या रोगांसही तें तितकेंच लागू आहे. उन्हाळा आला कीं कल्याणनजीकची उल्हास नदी जलपर्णीनें हिरवीगार झालेली पुष्कळांनीं पाहिली असेल. अशा वेळीं ‘काढून टाका’ एवढाच पुकारा होतो. परंतु काढून टाकण्यापूर्वीं ओळखावें लागतें. केरळांतील कुट्टनाडची हकीकत या दृष्टीनें फार बोधप्रद असल्यामुळें ती आम्ही येथें थोडक्यांत देतों.

कुट्टनाड म्हणजे वेंबनाड सरोवरालगतचा सखल मुलूख. पंपा, अच्चनकोविल, मणिमला व मीनच्चिल या चार नद्यांचें डोंगरावरून उतरणारें पाणी येथें येऊन मिळतें. पुष्कळशी भातशेती समुद्रसपाटीच्याही खालीं आहे, आणि रस्त्यांचें काम तेथें पिढ्यान्‌पिढ्या कालव्यांनींच केलें आहे. शाळेंत जाणारीं मुलें, बाजाराचा माल, वैद्याकडे न्यावयाचा रोगी, सर्वांचा प्रवास होडींतून! अशा या कालव्यांत १९५० नंतरच्या काळांत पाण्यावर तरंगणारा एक परदेशी नेचा शिरला. लोक त्यास ‘आफ्रिकन पायल’ म्हणूं लागले. अनुकूल पाण्यांत तो दोन-तीन दिवसांत दुप्पट होतो. त्यास बीज धरत नाहीं. परंतु डोळा असलेल्या लहानशा तुकड्यापासूनही नवें रोप उभें राहतें, त्यामुळें ओढून काढतांना मागें राहिलेला अवशेषच पुढील पिकाचें बियाणें होई. होड्या अडत, खालच्या पाण्यांत उजेड पोंचत नसे, मासे गुदमरत. आणि भाताच्या लावणीपूर्वीं शेत साफ करण्यास हेक्टरी सुमारें २३५ रुपये मजुरी पडे.

हें संकट एकट्या केरळचेंच नव्हतें. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी येथेंही तें पोंचलें होतें. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं प्रथम या नेच्यास ‘साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा’ मानलें. त्या जातीवर जगणारे कीटक दक्षिण अमेरिकेच्या बाजूनें आणून आफ्रिकेंत सोडण्यांत आले, पण नेचा कांहीं हटला नाहीं. हटणार कसा? तो त्या जातीचा नव्हताच! १९७२ मध्यें मिचेल या शास्त्रज्ञानें ही जात निराळी असल्याचें दाखवून तिला ‘मोलेस्टा’, म्हणजे उपद्रवी, असें नांव दिलें. नांव ठरल्यावर गांव शोधणें सुकर झालें. १९७८ मध्यें आग्नेय ब्राझीलमध्यें तिचें माहेर सांपडलें, आणि तेथेंच तिचा खरा वैरीही भेटला.

हा वैरी म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा एक सोंडा. आपल्या घरच्या तांदळांत होणाऱ्या सोंड्यांचा दूरचा भाऊबंद. प्रौढ सोंडा नेच्याचे कोंब खातो व त्याची अळी देठ पोखरते. १९८० मध्यें ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड प्रांतांत मूनडारा तलावांत हे सोंडे सोडले. १९८१ मध्यें सुमारें १८,००० टन नेचा नष्ट झाला. १९८२ मध्यें ते बंगळूरास आणले गेले, १९८३ मध्यें तेथील एका तळ्यांत सोडले गेले, आणि पुढें केरळांत गेले. १९८८ पर्यंत कुट्टनाडचे बहुतेक कालवे पुन्हां होड्यांना मोकळे झाले.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. ‘किडीवर कीड सोडली कीं झालें’ असा अर्थ कोणीं काढूं नये. त्याच क्वीन्सलँडमध्यें १९३५ सालीं उंसावरील भुंगेरे खाण्यासाठीं परदेशी बेडूक आणले होते. त्यांनीं भुंगेऱ्यांचा बंदोबस्त केला नाहींच. उलट दिसेल तें खाऊन व आपल्या विषानें इतर प्राण्यांस मारून ते स्वतःच पीडा झाले. बेडूक सर्वभक्षी, सोंडा एकभक्षी; साल्व्हिनिया नाहीं तर सोंडाही नाहीं. ही परीक्षा आधीं केली म्हणूनच तो उपकारक ठरला.

तथापि कुट्टनाडची कथा येथें संपत नाहीं. पूर्वीं उन्हाळ्यांत समुद्राचें खारें पाणी सरोवरांत येई व गोड्या पाण्यांतलें तण मारी. भातशेतीच्या रक्षणासाठीं बांधलेला तण्णीरमुक्कम्‌चा बंधारा १९७६ पासून हें खारें पाणी कांहीं महिने अडवूं लागला. शेतांना त्याचा लाभ झाला, पण पाणी सांचून राहूं लागलें, आणि त्यांत खतें व सांडपाणी यांची भर पडली. साल्व्हिनियानें सोडलेल्या जागेंत आतां जलपर्णी माजते. तिचें बीं तर चिखलांत पंधरा-वीस वर्षें जिवंत राहूं शकतें. एक आगंतुक घालविला, पण ज्या अन्नावर तो पोसला तें उघडेंच राहिलें, म्हणून दुसरा येऊन बसला.

आमच्या मतें यांतच सर्व सार आहे. शत्रूचें खरें नांवगांव शोधणें हें शास्त्रज्ञांचें काम. त्याचें अन्न तोडणें हें नगरपालिकांचें व शेतकऱ्यांचें. आणि दार लावून घेणें हें मात्र आपणां गृहस्थांचें. मुलांच्या हौसेसाठीं आणलेल्या काचपेटींतील मासे व पाणवनस्पती कंटाळा आल्यावर ओढ्यांत किंवा तळ्यांत ‘सोडून देणें’ हें पुण्यकर्म नव्हे. अशी वनस्पति उन्हांत पूर्ण वाळवून मगच टाकावी, आणि मासे विकत घेतले त्या दुकानीं परत करावे. घरांतील वडील मंडळींनीं मुलांना एवढें समजावून दिलें तरी कोंकणच्या एखाद्या खाडीवर कुट्टनाडचा प्रसंग येण्याचें टळेल.